काम चालू राहावं म्हणून



या संमेलनाचं अध्यक्षपद तुम्ही शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या एका बाईला दिलंत, याचा मला मनापासून आनंद आहे. माझ्यासारखे चित्रकार महाराष्ट्रात तालुक्यातालुक्याला आहेत. दिवसा नोकरी, रात्री चित्र आणि मे महिन्याच्या सुट्टीत मोठा कॅनव्हास, असं त्यांचं वर्ष जातं. मी त्यांच्यातलीच एक म्हणून इथे उभी आहे. म्हणून आज मी सौंदर्यशास्त्रावर बोलणार नाही. प्रात्यक्षिक संपल्यावर आपण ब्रश धूत असतो, तेव्हा एखादा मुलगा किंवा मुलगी जवळ येऊन हळू आवाजात एक प्रश्न विचारते. त्याच मुलांचे आईवडील तो मोठ्या आवाजात विचारतात. चित्रकार होऊन आयुष्य काढता येतं का, आणि काढलं तर ते समाधानाचं होतं का? व्यासपीठावरून या प्रश्नाला आपण सहसा हात घालत नाही. आज मला तोच घ्यायचा आहे.

कोल्हापुरात आहोत, तेव्हा सुरुवात आबालाल रहिमान यांच्यापासूनच करायला हवी. मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये शिकून ते आपल्या गावी परतले. शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला. १९२२ मध्ये महाराज गेले, आणि १९३१ मध्ये आबालाल गेले. मधली वर्षं फार ओढगस्तीची होती. ही हकिकत आपल्याकडे गहिवरून सांगितली जाते आणि ऐकणारा असं समजून घरी जातो, की खऱ्या कलावंताच्या नशिबी हेच लिहिलेलं असतं. मला हे अजिबात मान्य नाही. कोटीतीर्थ तलावाच्या काठावर त्यांनी केलेली निसर्गचित्रं पाहा. पाण्यावरचा उजेड, झाडांखालचा ओलसर काळोख हे सगळं इतक्या जवळिकीने पाहिलेलं आहे, की त्या माणसाचा दिवस कसा भरून जात असेल, ते समजतं. ते भरलेपण गरिबीने दिलेलं नाही. गरिबी असूनही ते त्यांनी टिकवलं. गरिबीने चित्र चांगलं होत नाही, हे मला आजच्या मुलांना अगदी स्पष्ट सांगायचं आहे. गरिबीमुळे कागद हलका घ्यावा लागतो, रंग काही वर्षांत उडतात, औषधपाणी राहून जातं आणि माणूस गेल्यावर त्याचं काम सांभाळायला कुणी पुढे येत नाही. आबालाल यांच्या आयुष्यभराच्या कामातलं फार थोडं आज आपल्यासमोर आहे. ही हानी त्यांची एकट्याची नाही, आपल्या सगळ्यांची आहे.

याच गावात बाबूराव पेंटर होऊन गेले. ते नाटकांचे पडदे रंगवत. चुलतभाऊ आनंदराव यांच्यासोबत त्यांनी स्वतःचा कॅमेरा बनवण्याचा ध्यास घेतला. १९१६ मध्ये आनंदराव वारले, तरी तो ध्यास सुटला नाही, आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ हा त्यांचा सिनेमा पडद्यावर आला. आपल्या सिनेमांची पोस्टरं रंगवणारा हातही त्यांचाच. पडदा, पोस्टर, व्यक्तिचित्र, मूर्ती यांत त्यांनी उच्चनीच मानलं नाही. कोल्हापूरच्या चित्रकाराने साइनबोर्ड लिहायची किंवा कॅलेंडरचं काम घ्यायची लाज कधी धरली नाही, ती परंपरा इथून आलेली आहे, आणि मला तिचा अभिमान वाटतो.

आपल्या चित्रकलेचा इतिहास आपण शैलींचा इतिहास म्हणून शिकवतो. कधीतरी तो चित्रकारांच्या नोकऱ्यांचा आणि उद्योगांचा इतिहास म्हणूनही शिकवायला हवा. पंढरपूरला जन्मलेले हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवत होते. के. एच. आरा लहान वयात मुंबईला पळून आले, लोकांच्या घरी नोकर म्हणून राहिले, मोटारी पुसल्या, आणि १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या संस्थापकांत त्यांचं नाव आलं. तैयब मेहतांनी आधी सिनेमाच्या संकलनाचं काम केलं. यादी खूप लांबवता येईल. मी दोनच जणांपाशी थोडी थांबते, कारण माझ्या स्वतःच्या आयुष्याला त्यांनी आधार दिला आहे.

पहिले प्रभाकर बरवे. रायगड जिल्ह्यातल्या नागावचे. १९५९ मध्ये जे. जे.मधून बाहेर पडल्यावर ते विणकर सेवा केंद्रात नोकरीला लागले. हातमागाच्या विणकरांसाठी चित्रकारांकडून नक्षी करून घेणारं हे सरकारी केंद्र. आपल्याकडच्या कितीतरी चित्रकारांचं घर त्या पगारावर चाललं. बरवे आधी बनारसला होते, मग मुंबईच्या केंद्रात आले. बनारसमध्ये तंत्रमार्गातल्या आकृत्या त्यांच्या पाहण्यात आल्या आणि त्यांच्या सुरुवातीच्या कामात उतरल्या. म्हणजे नोकरीच्या गावाने चित्र दिलं. नोकरी सांभाळून हा माणूस वर्षानुवर्षं वह्या लिहीत राहिला. पान, घड्याळ, फळ अशा साध्या वस्तूंकडे पाहताना काय होतं, अवकाश म्हणजे काय, एका आकाराशेजारी दुसरा आकार आला की दोघांचं काय होतं, हे त्या वह्यांमध्ये आहे. १९९० मध्ये ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक आलं, ते या सवयीतून. १९९५ मध्ये बरवे गेले, तेव्हा त्यांनी साठीही गाठलेली नव्हती. पण त्यांच्या वह्या वाचताना हा माणूस उपाशी राहिला असं कधी वाटत नाही. रोज काहीतरी पाहणं आणि रोज त्याबद्दल काहीतरी उमजणं, याने त्यांचं जगणं गच्च भरलेलं होतं.

दुसरे सुधीर पटवर्धन. ते वैद्यकशास्त्र शिकले, कलाशाळेत गेले नाहीत. १९७५ ते २००५ अशी तीस वर्षं त्यांनी ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम केलं आणि त्याच वर्षांत ‘इराणी रेस्टॉरंट’पासून ‘लोअर परळ’पर्यंतची चित्रं केली. त्यांच्या चित्रातली माणसं पाहा. लोकलमध्ये लोंबकळणारा, बांधकामावर काम करणारा, हॉटेलात एकटा बसलेला माणूस. त्याच्या खांद्याचं, मानेचं, पाठीचं ओझं त्यांनी असं काही रंगवलं आहे, की रोज शेकडो शरीरं पाहणाऱ्या डॉक्टरचा डोळा त्यामागे आहे असं मला नेहमी वाटतं. ते दवाखाना बंद करून चित्रकार झाले नाहीत. दवाखाना चालू असतानाच ते चित्रकार होते. आणि स्वतःचं नाव झाल्यावर त्यांनी समकालीन भारतीय चित्रांचं प्रदर्शन महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत फिरवलं. मुंबईची गॅलरी ज्यांना परवडत नाही, त्यांच्यापर्यंत ती चित्रं गेली. मोठेपणाची व्याख्या करायची झाली तर मी इथून करीन.

आता बायकांबद्दल बोलते, कारण सभागृहात निम्म्याहून जास्त विद्यार्थिनी आहेत आणि चाळिशीनंतर यांतल्या किती जणी चित्र काढत असतील, याची मला खरोखर काळजी वाटते. ललिता लाजमी दोन दशकांहून जास्त काळ शाळेत कला शिकवत होत्या. सत्तरच्या दशकात त्यांनी जे. जे.च्या संध्याकाळच्या वर्गात जाऊन एचिंग शिकून घेतलं, तेव्हा त्या चाळिशी ओलांडलेल्या होत्या. घरातलं सगळं आवरल्यावर, रात्री, स्वयंपाकघरात त्यांचं काम चाले. २०२३ मध्ये नव्वदीत त्या गेल्या, तोपर्यंत त्या काम करत राहिल्या. मुलींनो, ‘लग्नानंतर सुटलं’ हे वाक्य आमच्या पिढीत फार ऐकलं. ते एकट्या मुलीच्या जिद्दीने बदलत नाही. घरातल्या पुरुषाने स्वयंपाकघरातला एक ओटा आणि संध्याकाळचे दोन तास मोकळे करून दिले, तर ते बदलतं. माझ्या घरी ते झालं. माझ्या यजमानांनी रात्रीची भांडी आणि मुलांचा अभ्यास स्वतःकडे घेतला, आणि मी ते उपकार मानत नाही, संसारातली वाटणी मानते.

रात्रीच्या कामाविषयी एक व्यवहाराची गोष्ट सांगते, कारण नोकरी करणाऱ्यांना ती उपयोगी पडेल. ट्यूबलाइटखाली रंग फसवतो. रात्री जुळवलेला पिवळा सकाळी उन्हात हिरवट दिसतो, आणि जांभळ्याचं तर काही विचारू नका. मी रात्री रेखाटन, कॉम्पोझिशन आणि छायाप्रकाश एवढंच करत असे. रंग रविवारच्या दिवसाउजेडात. या सक्तीने माझं रेखाटन पक्कं झालं. टर्पेंटाइनच्या वासाने घरात कुणाला त्रास नको म्हणून बरीच वर्षं जलरंग वापरला, तर जलरंगाशी मैत्री झाली. शाळेत काचेची बरणी, तांब्या आणि घडी पडलेलं कापड मांडून एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांकडून वस्तुचित्र करून घेताना मीही मागच्या बाकावर बसून तेच काढत असे. वर्षानुवर्षं तोच तांब्या. त्याच्या कडेवर उजेड कसा वळतो, हे मला त्या तांब्याने शिकवलं. गॅदरिंगचे फलक, फळ्यावरचे सुविचार, निवडणुकीची ड्युटी हे सगळं केलं. त्यातलं काही वाया गेलं असं मला वाटत नाही, कारण काम रोज चालू होतं. चित्रकाराचं समाधान शोधायचं तर मी तिथे शोधीन. काल जिथे थांबलो तिथून आज पुढे जाता येणं, ही फार मोठी श्रीमंती आहे. पुरस्कार त्यात भर घालतात, पण त्यांच्या येण्याजाण्यावर ती अवलंबून नसते.

चित्रकाराच्या आयुष्यातल्या अनिश्चिततेबद्दल बोललं जातं, ते पैशांच्याच संदर्भात. कॅनव्हासच्या आतली अनिश्चितता याहून मोठी आहे, आणि ती कधी संपत नाही. वासुदेव गायतोंडे वर्षाला मोजकीच चित्रं करत. कॅनव्हाससमोर न रंगवता बसण्यात त्यांचा कितीतरी वेळ जाई. १९८४ मध्ये त्यांना मोठा अपघात झाला आणि बराच काळ त्यांना मोठ्या कॅनव्हासवर काम करता आलं नाही. त्या काळात त्यांनी कागदावर शाईने लहान रेखाटनं केली. शरीराने जेवढं करू दिलं तेवढं ते करत राहिले, आणि पुढे कॅनव्हासकडे परतले. तैयब मेहता मनाजोगतं न उतरलेलं चित्र नष्ट करून टाकत. १९६९ मध्ये एका कॅनव्हासवर आलेल्या तिरक्या छेदाने त्यांच्या कामाला नवी दिशा दिली, तेव्हा त्यांची चाळिशी उलटून गेली होती. वीस-बावीस वर्षांच्या मुलांना ‘तुमची शैली कोणती?’ असं परीक्षक विचारतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं. त्या वयात शैली नसणं हेच निरोगी आहे. इतक्या लवकर सापडलेली शैली बहुतेक वेळा दुसऱ्याची असते.

गायतोंड्यांचं एक चित्र २०१३ मध्ये मुंबईतल्या लिलावात २३ कोटी ७० लाख रुपयांना गेलं. ते २००१ मध्येच वारले होते. दिल्लीत निजामुद्दीनच्या बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, राहणाऱ्या त्या माणसाच्या रोजच्या जगण्याशी या आकड्याचा काही संबंध नाही. तरी आमची मुलं चित्रकलेकडे येताना हाच आकडा मनात घेऊन येतात आणि आमचे पालक हाच आकडा नाही म्हणून मुलांना परत नेतात. लिलावाची बातमी जेवढी जागा घेते, तेवढी जागा चित्रकाराच्या कामाच्या दिवसाला मिळाली तर हा गोंधळ कमी होईल. वर्तमानपत्रांचे प्रतिनिधी इथे आहेत, त्यांना ही विनंती आहे.

पैशांबद्दल मात्र मोकळेपणाने बोलायला शिकलं पाहिजे. प्रदर्शन म्हणजे फ्रेमिंग, टेम्पोचं भाडं, हॉलचं भाडं, निमंत्रणं आणि गॅलरीचं कमिशन. हे सगळं धरून किंमत लावा. पहिल्या प्रदर्शनात चित्राखाली विक्रीची लाल टिकली लागली नाही म्हणून खचू नका, आणि टिकली लागावी म्हणून किंमत इतकी पाडू नका, की पुढच्या वर्षी ती वर नेता येणार नाही. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून उभी आहे. तिथल्या तारखेसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागतं, पण ती वर्षं हातावर हात ठेवून बसण्याची नसतात. गावातल्या वाचनालयात, बँकेच्या शाखेत, लग्नसराई नसताना मोकळ्या असलेल्या कार्यालयात चित्रं लावा. कोकणात आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात कॅनव्हासला बुरशी धरते, तेव्हा भिंतीला टेकवून ठेवू नका, मागून हवा खेळू द्या. आणि आपल्या प्रत्येक चित्राची नोंद ठेवा. माध्यम, आकार, साल, कुणाकडे गेलं आणि एक नीट काढलेला फोटो. ही वही तुमच्या मुलाबाळांना नंतर जमिनीच्या सातबाऱ्याइतकी उपयोगाची ठरेल.

आता सरकारकडे आणि समाजाकडे काही मागायचं आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात, सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर असेल तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, असं म्हटलं आहे. शंभराखालच्या शाळेचं काय? डोंगरातल्या, वाडीवस्तीवरच्या शाळेतल्या मुलाला हात आणि डोळा नसतो का? आणि जिथे निदेशक मिळतो, तिथे तो तासिकेवर. पूर्णवेळ कलाशिक्षकाची जागा हळूहळू पुसली जाते आहे. याचे दोन परिणाम होतात. मुलांचं नुकसान तर उघडच आहे. पण जी नोकरी करून महाराष्ट्रातल्या चार पिढ्यांच्या चित्रकारांनी आपलं काम चालू ठेवलं, ती नोकरीच नाहीशी होते आहे. मी आज इथे उभी आहे ती त्या पगारामुळे. माझ्या विद्यार्थ्यांना तो पगार मिळणार नाही, हे मला सहन होत नाही. पूर्णवेळ कलाशिक्षकाची पदं पुन्हा भरावीत, असा ठराव या संमेलनाने केलाच पाहिजे.

दुसरी मागणी संपादकांकडे. गोव्यातून आलेल्या दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ हा अंक सुरू केला. त्यांच्या आणि रघुवीर मुळगावकरांच्या चित्रांनी मराठी घरांत चित्र पाहण्याची सवय लावली. दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ हा आमच्या तरुण चित्रकारांचा पहिला पगार होता. आता संगणकाला चार शब्द सांगून मुखपृष्ठ तयार करून घेतलं जातं. तसं चित्र मिनिटात मिळतं, हे मला समजतं. पण ज्यांच्या कामावर ते यंत्र शिकवलं गेलं, त्यांना त्यातलं काही मिळत नाही, आणि ज्या मुलाने ते मुखपृष्ठ करायचं होतं तो आता मोबाइलच्या दुकानात बसतो. मराठी अंकांच्या संपादकांनी मुखपृष्ठ माणसाकडून करून घ्यावं, त्याचं नाव ठळक छापावं आणि अंक बाजारात यायच्या आधी त्याचं मानधन द्यावं.

तिसरी गोष्ट आपली आपणच करायची आहे. सातारा जिल्ह्यातल्या औंधसारख्या छोट्या गावात डोंगरावर १९३८ पासून एक संग्रहालय आहे. बाळासाहेब पंतप्रतिनिधी लहानशा संस्थानाचे राजे होते, स्वतः चित्रकार होते, आणि त्यांनी राजा रविवर्म्यापासून हेन्री मूरच्या शिल्पापर्यंत जे जमवलं ते आजही तिथे बघायला मिळतं. आता राजे नाहीत, पण नगरपालिका आहेत, सहकारी बँका आहेत, साखर कारखाने आहेत. प्रत्येकाने वर्षाला स्थानिक चित्रकाराचं एक चित्र विकत घेतलं, तरी जिल्ह्याजिल्ह्यात संग्रह उभा राहील. पण त्याआधी आपल्याकडे काय आहे, ते तरी कळायला हवं. सांगली, मिरज, सावंतवाडी, नागपूर, अमरावती, सगळीकडे गेलेल्या चित्रकारांची कामं नातेवाइकांच्या माळ्यावर, कपाटामागे, शाळेच्या गोदामात पडून आहेत. त्यांची यादी नाही.

सभागृहाबाहेर नोंदणीच्या टेबलाशेजारी एक मोठी वही ठेवली आहे. आपल्या गावातल्या, आता हयात नसलेल्या एका चित्रकाराचं नाव, त्याची चित्रं कुणाच्या घरी किंवा कुठल्या संस्थेत आहेत आणि ती कुठल्या अवस्थेत आहेत, एवढं त्यात लिहा. जेवणाची सुट्टी सव्वा तासाची आहे. रांग लागली तर आपले स्वयंसेवक दुसरी वही काढतील. परिसंवाद सुरू होण्यापूर्वी ती यादी मला याच व्यासपीठावरून वाचून दाखवायची आहे.